दुरुस्त केलेल्या जुन्या जीपला रस्त्यावर जागा द्या

प्रति,
मा. सचिव, रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
आणि विंटेज वाहनांच्या नोंदणीचं काम पाहणाऱ्या राज्य समितीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या खासगी मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार रुपये केलं. १ एप्रिल २०२२ च्या आधी हेच शुल्क सहाशे रुपये होतं. मधल्या काळात ते पाच हजार होतं. नूतनीकरणाला उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा, आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हे आकडे कळल्यावर आमच्या घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी हे पत्र पैशांसाठी नाही. पैसे मोजायची तयारी ठेवूनही आमची जीप कायद्याच्या कुठल्या खान्यात बसते याचं उत्तर मला मिळत नाही. तोंडी उत्तरं बरीच मिळाली, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्यासारखे जीपमालक या राज्यात ठिकठिकाणी आहेत, म्हणून हा अर्ज बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

गाडी १९६४ सालची, महिंद्राने बांधलेली विलीज सीजे-३बी. जाणकार तिला 'हाय बॉनेट' म्हणतात. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सत्तरच्या दशकात सरकारी लिलावात घेतली. आम्ही कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा भागात राहतो. इथला पाऊस आणि इथले चढ ज्यांनी पाहिलेत त्यांना शेतकऱ्याने जीप का घेतली हे विचारावं लागणार नाही. काजूच्या बिया, खताची पोती, बाळंतीण बायका, वऱ्हाड, एकदा तर गणपतीसुद्धा तिच्यातूनच आला. पुढे तिचे पाटे बसले, चासी गंजली आणि ती गोठ्यामागे ताडपत्रीखाली गेली. आबा गेल्यावर मी आणि धाकट्या भावाने ती बाहेर काढली आणि घरच्या पडवीत, जमेल तसे पैसे घालत, पूर्ण उभी केली. आज ती चालते, थांबते, धूर सोडत नाही. तरीही तिला रस्त्यावर आणायचं तर मी गुन्हेगार ठरतो.

ही गाडी काय चीज आहे तेही थोडं सांगतो, कारण फाइलवर तिची ओळख फक्त 'जुनं वाहन' एवढीच असते. महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी १९४५ साली निघाली. १९४७ मध्ये तिने मुंबईत माझगावला अमेरिकेहून सुट्या भागांत आलेल्या विलीज जीप जोडायला सुरुवात केली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि इथे १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दुसऱ्यांदा महिंद्रा आलं. सीजे-३बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढीच वर्षं निघाली. आपल्याकडे मात्र तिचा साचा त्यानंतरही बराच काळ चालत राहिला. पाटबंधारे, वनखातं, पोलीस, सैन्य, दूध संघ, साखर कारखाने, आमदार आणि वडाप (भाडं घेऊन माणसं नेणारे खासगी गाडीवाले), सगळ्यांनी ती वापरली. घाटमाथ्यावरच्या वस्त्यांत चारचाकी म्हणून आधी पोचली ती बहुतेक ठिकाणी जीपच.

बॉनेट उंच का, तर आधीच्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असायचे. सीजे-३बीच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये घेतले आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्याला झाकायला बॉनेटही उचलावं लागलं. २२०० सीसीच्या या इंजिनाचे टॅपेट सेट करताना इनटेकला १८ थाऊ आणि एक्झॉस्टला १६ थाऊ फट ठेवायची असते (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आमच्या तालुक्यात हे फीलर गेज हातात घेऊन बरोबर करणारी माणसं आता मोजकीच आहेत, आणि सगळी सत्तरीच्या पुढची.

आता तक्रारी. क्रमाने लिहितो, पण त्यांतली पहिली सगळ्यांत मोठी आहे आणि बाकीच्या तिच्याच पोटातून आल्या आहेत.

पहिली. जुलै २०२१ मध्ये मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-अ पासूनची नवी कलमं घातली आणि विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला पाच हजार. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबरही ठेवता येतो. हे वाचून आम्हाला आनंदच झाला होता. पण त्याच व्याख्येत एक अट आहे: वाहन मूळ स्वरूपात असावं आणि त्याची मोठी दुरुस्ती झालेली नसावी. चासी, बॉडी आणि इंजिन यांतले फेरबदल या मोठ्या दुरुस्तीतच मोडतात.

कामाच्या गाडीला ही अट लावायची म्हणजे काय, ते बघा. जीपच्या बॉडीखाली पत्र्याच्या पन्हळी असतात. त्यांत चिखल जाऊन बसतो आणि बाहेर पडायला वाट नसल्याने दरवर्षी पावसाळ्यानंतर आतून पत्रा खातो. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीचंही तसंच. आमची गाडी उलटी केली तेव्हा त्या पट्टीत बोट घातलं की आरपार जात होतं. आम्ही सडका भाग कापला, त्याच मापाचा, त्याच जाडीचा पत्रा वाकवून वेल्डिंग केलं आणि रेड ऑक्साइड मारलं. बॉडीच्या पन्हळी अठरा गेजच्या पत्र्यातून नव्या केल्या. हे केलं नसतं तर गाडी घाटात मधोमध वाकली असती. केलं, तर ती व्याख्येतून बाहेर पडते.

साठ वर्षांत चासीला हात लागलेला नाही अशा गाड्या असतात, नाही असं नाही. त्या राजवाड्यांत असतात. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा तिला बघायला मीही लेकरांना खांद्यावर घेऊन उभा राहिलो आहे. ती गाडी जपली गेली याचा अभिमान प्रत्येक कोल्हापूरकराला आहे. पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त तशीच गाडी होती असं वाटतं. ज्या गाडीने आयुष्यभर माती आणि पोती वाहिली, तिच्या अंगावर ठिगळं असणारच. राबणाऱ्या वस्तूचा वारसा जपायचा तर दुरुस्ती हाच त्याचा मार्ग आहे.

दुसरी तक्रार इंजिनाची. तिच्यात आमची गाडी अशी अडकली आहे की दोन्हीकडून दार बंद. ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून आबांनी, भागातल्या अनेकांसारखं, हरिकेन काढून मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा ते रीतसर पासिंग करून आर.सी. बुकात चढवलंही होतं. आम्ही गाडी उभी करताना ठरवलं की मूळ होती तशी करायची. भंगारवाल्याकडे हरिकेनचा ब्लॉक मिळाला, त्याची पावती घेतली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर केला, वीस थाऊ ओव्हरसाइझचे पिस्टन घातले, क्रँक ग्राइंडिंग केलं, एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट नव्या बसवल्या. गाडी कारखान्यातून निघाली तशी झाली.

आता मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करू नका. नोंदणीपत्रात डिझेल आहे, गाडीत पेट्रोल. म्हणजे मूळ रूपात आणणं हाच बदल ठरला. विंटेज नोंदणीला जावं तर तिथे इंजिन बदललेलं चालत नाही. एका कार्यालयात (कुठल्या ते लिहीत नाही, माणसं सभ्य होती आणि अडचण त्यांच्या हातातली नव्हती) मला सल्ला मिळाला की डिझेल परत बसवा, नूतनीकरण करून घ्या, मग बघू. चालतं, धूर न सोडणारं इंजिन उतरवून जुनं धुरकट इंजिन चढवायचं, आणि तेही पर्यावरणाच्या नावाने घेतलेला कर भरून! सल्ला देणाऱ्यालाही हसू आवरलं नाही.

तिसरी तक्रार वापराबद्दल. समजा उद्या विंटेज नोंदणी मिळालीच. तरी नियमाप्रमाणे अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीचा वापर नाही, व्यावसायिक वापर तर नाहीच. व्यावसायिक वापर आम्हालाही नको आहे. पण रॅली होतात मुंबईला, पुण्याला. आजऱ्याहून तिथे ही जीप नेणं म्हणजे ताशी पन्नासच्या वेगाने, दारं नसलेल्या गाडीत, डावीकडच्या स्टिअरिंगवर महामार्ग कापणं. आमचा आनंद त्यात नाही. शेतावर जाणं, रविवारी बाजारात जाणं, एखाद्या पावसाळी सकाळी आंबोलीपर्यंत जाऊन येणं, एवढाच आहे. जी गाडी चालत नाही तिचे ऑइल सील सुकतात, व्हील सिलेंडर चिकटतात, टाकीत गंज धरतो. गाड्यांची थोडीशी समज असलेला कुणीही सांगेल की अशी गाडी टिकवायची तर ती आठवड्यातून एकदा तरी फिरवावी लागते.

चौथी, तपासणीची. मी तपासणीच्या विरोधात मुळीच नाही. उलट ती नीट व्हावी असं म्हणतो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी एक ड्रम असतो, त्यावर तो लागतो. ट्रान्सफर केसचं सील गळलं की ऑइल त्या ड्रममध्ये जातं आणि हँडब्रेक निकामी होतो. या गाडीत तपासायची पहिली जागा ती. दुसरी जागा म्हणजे चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर असलेला स्टिअरिंगचा बेलक्रँक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांच्या दांड्यांकडे वळवणारा भाग. त्यात खेळ आला तर ठराविक वेगाला पुढची चाकं थडथडतात आणि गाडी हातात राहत नाही. तिसरी ब्रेकची: मास्टर सिलेंडर एकच, सर्किट एकच, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. आमच्या गाडीच्या तपासणीत यातलं काहीही कुणी पाहिलं नाही. हँडब्रेक ओढल्यावर मागच्या चाकात वायर का दिसत नाही एवढं विचारलं गेलं. दुसऱ्या एका ठिकाणी टायर तपासायला चाक काढताना डाव्या बाजूचे नट गनने उलट आवळून दोन स्टड तोडले. डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात हे त्या पोराला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला तरी काय बोलणार.

पाचवी, कागदांची. तीन अक्षरांच्या जुन्या नंबरांची कित्येक रेकॉर्ड अजून संगणकात चढलेली नाहीत. त्यासाठी 'बॅकलॉग एंट्री' करावी लागते आणि त्यासाठी मूळ रजिस्टर सापडावं लागतं. रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल तर त्याची शिक्षा मालकाला होते. ऑनलाइन अर्जात गाडीचा मेक आणि मॉडेल निवडायला जी यादी उघडते, तिच्यात आपली गाडी शोधता शोधता माणूस थकतो. विम्याचंही याच्याशीच जोडलेलं आहे. विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सूट आहे, पण नोंदणीच झाली नाही तर सूट कुठली आणि विमा तरी कुठला.

सहावी तक्रार आमच्या घरच्या जीपची नाही, सगळ्यांची आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली आणि ती वाहनं नोंदणीकृत भंगार केंद्रांत पाठवायची असं ठरलं. पंधरा वर्षांची बोलेरो गेली तर जाऊ दे. पण सरकारी आवारांत, धरणांच्या वसाहतींत, कार्यशाळांच्या मागे साठ-सत्तरच्या दशकांतल्या जीपही उभ्या होत्या. कोयनेपासून राधानगरीपर्यंत सर्व्हेचं काम ज्या गाड्यांनी केलं, त्यांतली एखादी तरी वेगळी काढा, असं कुणाच्या मनात आलं का? आबांना सत्तरच्या दशकात लिलावात जी गाडी मिळाली, तशी आज कुणालाही मिळणार नाही. ती थेट कातरली जाते. तिच्याबरोबर स्पायसरचा ट्रान्सफर केस, टी-९० गिअर बॉक्स, एक्सल हे भागही जातात, ज्यांच्यासाठी आमच्यासारखे लोक गावोगाव फिरतात.

सातवी पेट्रोलची. मला माहीत आहे की हा विषय दुसऱ्या मंत्रालयाचा आहे, पण गाडी तुमच्याकडे नोंदली जाते म्हणून इथे लिहितो. आमच्या शेतात ऊस आहे, कारखान्याला जातो, त्यातून इथेनॉल होतं आणि आमची बिलं वेळेवर निघायला त्याची मदत होते. त्यामुळे इथेनॉलला शिव्या घालणं मला शोभणार नाही. पण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल १९६४ च्या पंपाला आणि कार्बोरेटरला मानवत नाही. पंपाचा जुना रबरी पडदा मऊ पडतो, पाइप फुगतात, गाडी उभी राहिली की टाकीत पाणी सुटून गंज धरतो. या जीपची पेट्रोल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पाइप गळला तर पेट्रोल कुठे साचेल याचा विचार करा. आम्ही पाइप बदलले, पडदा बदलला, पण कार्बोरेटरचं पुढे काय होईल ते बघायचं. इथेनॉलबद्दलच्या २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी दहा टक्के मिश्रणाचं पेट्रोल मिळत राहावं असं म्हटलं होतं. आमच्या पंपावर ते मिळत नाही.

काही जण म्हणतील, एवढी हौस आहे तर सोसा. हौस आहेच. पण या हौसेवर दुसऱ्यांचंही पोट आहे. उद्यमनगरातला लेथवाला नमुना बघून शाफ्ट घडवतो. मिस्त्री आवाजावरून टायमिंग पुढे आहे की मागे ते ओळखतात. हूड शिवणारा ताडपत्रीवाला आहे, पाटे झोडून कमान परत आणणारा लोहार आहे. आमच्या मिस्त्रींनी माझ्या पुतण्याला पॉइंटची फट लावायला शिकवलं. पोरगं डिप्लोमाला आहे. कॉलेजात त्याने डेल्को, म्हणजे स्पार्क प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, उघडून पाहिलेला नव्हता. ओढ्यातून गाडी घालायची तर आधी फॅनबेल्ट उतरवायचा, नाहीतर पंखा पाणी उडवून डेल्को भिजवतो, हे त्याला पुस्तकात सापडलं नसतं.

आणि प्रदूषणाचं म्हणाल, तर आम्हाला धुरात सूट नको. पीयूसीच्या नियमांत जुन्या चारचाकींसाठी वेगळी मर्यादा आधीच आहे. त्या मर्यादेत गाडी बसते की नाही ते मोजा. नाही बसली तर परवानगी देऊ नका. आमचं म्हणणं एवढंच आहे की जन्मतारीख बघून निकाल लावू नका.

बाहेरच्या देशांत हे कसं करतात तेही आपल्या कार्यालयाला ठाऊक असेलच. जर्मनीत तीस वर्षांवरच्या, चांगल्या आणि मूळ स्थितीतल्या गाडीला तपासणीनंतर नंबरच्या शेवटी 'एच' मिळतो आणि ती नेहमीच्या रस्त्यावर चालवता येते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला, तिच्यात मोठा बदल झालेला नसेल तर, वार्षिक तपासणीतून सूट आहे. आणि मोठा बदल कशाला म्हणायचं नाही, तेही तिथे लिहून ठेवलं आहे: त्या काळी त्याच गाडीला मिळणारं दुसरं इंजिन चालतं, मूळ पद्धतीचे भाग मिळेनासे झाले म्हणून गाडी टिकवण्यासाठी केलेले बदल चालतात. तपासणीतून सूट आम्ही मागत नाही, आमच्या रस्त्यांवर ती असूही नये. पण तसं स्पष्टीकरण मात्र हवं आहे.

म्हणून आमच्या मागण्या.

नियम ८१-अ मधल्या 'मोठ्या दुरुस्ती'चा अर्थ लेखी स्पष्ट करा. सडलेल्या जागी त्याच मापाचा पत्रा घालणं, बोअर करणं, त्याच मालिकेचं इंजिन बसवणं, वायरिंग, हूड, ब्रेकचे पाइप आणि सील बदलणं हे त्यात मोडणार नाही असं परिपत्रक काढा. मालकाने कामाचे फोटो आणि पावत्या जोडाव्यात अशी अट घाला, आम्ही जोडू.

गाडी मूळ इंधनावर आणि मूळ प्रकारच्या इंजिनावर परत आणणाऱ्याला एकाच अर्जात नोंद दुरुस्त करून मिळावी. इंजिन चोरीचं नाही ना हे जरूर तपासा. पोलिसांचा दाखला मागा. पण उतरवलेलं इंजिन परत चढवायला सांगू नका.

विंटेज नोंदणी झालेल्या गाडीला वर्षाला ठराविक किलोमीटरपर्यंत साधा खासगी वापर करू द्या. किती ते तुम्ही ठरवा. दरवर्षी मीटरचा आकडा नोंदवायला आम्ही येऊ. वडाप करणारा सापडला तर त्याची नोंदणी रद्द करा, आम्ही टाळ्या वाजवू.

दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या गाडीवर महिन्याला ५०० रुपयांचा उशिराचा आकार थांबवा. गाडी वापरात नसल्याचं कळवून करात सवलत घेण्याची सोय राज्याच्या कायद्यात आहेच. तीच नूतनीकरणाला लावा. गंजलेली चासी उघडून बसलेल्या माणसाला वर्षाला सहा हजार भरायला लावणं म्हणजे त्याला भंगारवाल्याचा रस्ता दाखवणं आहे.

प्रत्येक विभागात जुन्या गाड्यांची तपासणी करणारा एक तरी निरीक्षक प्रशिक्षित करा. शिकवायला आमचे मिस्त्री येतील. मानधन नाही दिलं तरी चालेल, चहा मात्र द्यावा लागेल, दोनदा. त्याच निरीक्षकाकडे जुन्या नंबरांच्या बॅकलॉग एंट्रीचं काम द्या आणि रजिस्टर सापडत नसेल तिथे मालकाकडचं मूळ आर.सी. बुक ग्राह्य धरा.

सरकारी आवारातली पन्नास वर्षांवरची कुठलीही गाडी कातरायच्या आधी राज्य समितीला कळवणं बंधनकारक करा. संग्रहालयाला हवी असेल तर द्या, नाहीतर जाहीर लिलाव करा.

आणि पेट्रोलियम मंत्रालयाशी बोलून प्रत्येक तालुक्याला नाही तर जिल्ह्याला निदान एका पंपावर दहा टक्के मिश्रणाचं पेट्रोल मिळेल असं बघा. दर जास्त असला तरी घेऊ.

यातल्या बहुतेक मागण्यांना संसदेत जावं लागत नाही. परिपत्रक, एक अधिकारी आणि संगणकातल्या यादीत चार-पाच नावं, एवढ्यावर बरंच काम होईल. दहा हजारांचं शुल्क मागे घ्या अशी मागणी मी मुद्दाम केलेली नाही. शुल्क घेतलंत तर त्या बदल्यात गाडीकडे बघणारं माणूसही द्या.

राज्य समितीची पुढची बैठक जिथे असेल तिथे मी कागदपत्रं, कामाचे फोटो आणि पावत्या घेऊन हजर राहायला तयार आहे. गाडी आणायला सांगितलंत तर तिला ट्रकवर घालून आणावी लागेल, कारण आजच्या घडीला तिची नोंदणी नाही. ट्रकचं भाडं मी देईन. माझ्या इंजिनाच्या आणि वापराच्या प्रश्नावर तुमचं उत्तर होकार असो वा नकार, ते लेखी मिळावं.

आपला,
आजरा तालुक्यातला एक जीपमालक